अपंगत्वाची भरपाई आणि तिची भाषा : मालेगावच्या यंत्रमागांच्या संदर्भात

कामावर असताना शरीरास कायमची इजा झाल्यास कामगाराला मिळणारी रक्कम ही दया नसून मालकाचे कायदेशीर देणे आहे, हा विचार हिंदुस्थानात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने प्रस्थापित केला. १ जुलै १९२४ रोजी तो अमलात आला. त्याचा इतिहास बहुधा मुंबईच्या गिरण्यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. प्रस्तुत टिपणात तो मालेगावच्या बाजूने पाहावयाचा आहे. कारण जेथे सर्वांचा मिळून एक मालक नाही आणि एक भाषाही नाही, तेथेच अशा कायद्याची कसोटी लागते.

मोसम नदीकाठच्या या गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर येऊन स्थायिक झाले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून हातमागाची जागा विजेवरील माग घेऊ लागले. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचा आणि हात तिसऱ्याचे, अशी या धंद्याची घडण पुष्कळ ठिकाणी आढळते. अधिनियमाच्या १२ व्या कलमाने कंत्राटदाराच्या कामगाराची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती खरी. परंतु मुख्य मालकाने काम पत्करलेल्या किंवा त्याच्या ताब्यातील जागेबाहेर अपघात घडल्यास ती लागू होणार नाही, असा अपवादही त्याच कलमात होता. परिणामी सूत देणाऱ्यापर्यंत दावा पोहोचणे कठीण होई, आणि तो बेताच्या ऐपतीच्या मागधारकापुरता उरे.

अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात देहाचे जणू मोजमापच मांडलेले होते. अंगठा गेल्यास ३०, तर्जनी संपूर्ण गेल्यास १४, मधले बोट १२, करंगळी ७, आणि दुसरा डोळा शाबूत असता एक डोळा गेल्यास ४० टक्के. हे टक्के देहाचे नव्हेत, कमाईच्या शक्तीचे होत, हे विसरता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या खटल्यात डिसेंबर १९७५ मध्ये हाच भेद स्पष्ट केला. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराला सुतारकाम करता येणार नाही, म्हणून त्याची हानी शंभर टक्के धरली गेली. तुटलेला धागा बोटांनी सांधणाऱ्या विणकराच्या बाबतीत या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता शब्दांकडे वळू. ‘नुकसान’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ घट. मालेगावचा उर्दूभाषी कामगार ज्याला ‘मुआवजा’ म्हणतो, त्या अरबी शब्दाच्या मुळाशी मोबदल्याची कल्पना आहे. मराठी ‘भरपाई’त मात्र भरून पावल्याचा, म्हणजे हिशेब मिटल्याचा ध्वनि आहे. हा भेद केवळ कोशातला नाही. थोडी रक्कम घेऊन ‘भरून पावलो’ अशा चिठ्ठीवर अंगठा उठविणाऱ्याला आपला हक्क संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. अधिनियम मात्र तसे मानीत नव्हता. १७ व्या कलमाप्रमाणे हक्क सोडून देणारा करार शून्यवत् होता, आणि २८ व्या कलमाप्रमाणे तडजोडीची नोंद आयुक्तांकडे होणे आवश्यक होते. कायद्याने उघडे ठेवलेले दार रूढ शब्दाने बंद व्हावे, असा हा प्रकार आहे.

ते दार दाखविणारा कोण? २४ व्या कलमाने वकिलाखेरीज नोंदणीकृत कामगार संघाचा पदाधिकारी, तसेच आयुक्तांच्या परवानगीने अन्य अधिकृत व्यक्तीलाही कामगाराच्या वतीने उभे राहण्याची मुभा दिली होती. पुढे १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाने अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार या दोघांनाही कायदेविषयक साहाय्यास पात्र ठरविले.

दुसरा प्रवाह १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमापासून सुरू होतो. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. येथील टक्के मात्र देहाचे आहेत. एक डोळा गेलेला कामगार जुन्या परिशिष्टात ४० टक्के ठरतो, पण २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, दुसरी दृष्टी चांगली असल्यास, ३० टक्केच. एक कायदा कमाईची घट मोजतो, दुसरा देहाची. मराठीत दोहोंना ‘अपंगत्व’ हा एकच शब्द पडल्याने एका दाखल्यावरून दुसरा दावा जोखण्याची चूक सहज संभवते. २०१६ नंतर शासनव्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. त्याने संबोधन बदलले, हा घोटाळा सुटला नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९२३ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली; भरपाईचे तत्त्व तिच्यात कायम आहे. अशा वेळी या क्षेत्रातील वकील व कार्यकर्ते परिषदेस जमतील तेव्हा त्यांनी नव्या कलमांबरोबरच शब्दांचाही विचार करावा. कमाईची हानि आणि देहाची हानि यांस मराठीत व उर्दूत दोन निश्चित संज्ञा मिळाल्या, तर मालेगावच्या कामगाराला आपण नेमके काय मागत आहोत हे स्वतःच्या भाषेत सांगता येईल. हक्काची पहिली पायरी तीच होय.