वाटाण्याची डाळ आणि विमानाचा रिव्हेट

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पहिला नमुना 5 मार्च 1936 रोजी आकाशात गेला. पुढे त्याच्या कर्त्यांसमोर एक खर्चिक प्रश्न उभा राहिला. पत्र्याशी समपातळीत बसणारा रिव्हेट वारा अडवत नाही, पण तो बसवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो. घुमटाकार डोक्याचा रिव्हेट स्वस्त. मग कुठे कोणता वापरायचा? तोडगा निघाला तो स्वयंपाकघरातला. सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा चिकटवून विमान उडवले गेले. वेग ताशी सुमारे 22 मैलांनी उतरला. मग टप्प्याटप्प्याने डाळ खरवडून पुन्हा उड्डाणे झाली आणि कुठले रिव्हेट सपाट हवेतच, हे ठरले.

मूळ विमानाच्या कारागिरांनी इतक्या कष्टाने नाहीसा केलेला हा फुगवटा छोट्या प्रतिकृतींवर मात्र पुन्हा अवतरला. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

त्याच 1936 साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकचे भाग जोडून करायच्या विमान-प्रतिकृती आल्या. प्रमाण 1:72, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. महायुद्धात या प्रमाणाला गंभीर काम मिळाले. 1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून 5 लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. त्या काळ्या रंगवायच्या होत्या. 35 फुटांवरून पाहिले की अर्ध्या मैलावरचे विमान दिसावे आणि आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता यावे, एवढाच हेतू. बाह्यरेषा चुकली तर ती प्रतिकृती निरुपयोगी. आणि ओळख चुकली तर आपल्याच माणसांवर गोळी.

युद्धानंतर ही विद्या छंद झाली. पोलादी साच्यात खळगा पाडला की प्लॅस्टिकवर फुगवटा उमटतो. त्यामुळे उठावदार रिव्हेट करणे सोपे होते आणि गिऱ्हाइकालाही ते आवडत. पण हिशेब करून पाहा. पाव मिलिमीटरचा ठिपका 72 पट केला तर 18 मिलिमीटरचा होतो. पुढे कोरीव रेघांची पद्धत रुळली. 0.2 मिलिमीटर रुंदीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर 14 मिलिमीटरची फट! तीत करंगळी जाईल. त्या रेघेत पुन्हा काळा रंग सोडायचा, म्हणजे ती डोळ्यांत भरते. मस्टँग विमानाच्या पंखावरचे सांधे तर कारखान्यातच पुटीने बुजवून घासले जात. प्रतिकृतीकार तेच सांधे हौसेने कोरतात.

तपशिलाचा पक्ष अगदीच लंगडा नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवर उन्हाने आणि प्रवाळाच्या धुळीने विमानांचे रंग खरोखरच उडत. वैमानिकाच्या आसनावरचा पट्टा दाखवला तर तिथे माणूस बसत होता, याची आठवण राहते. विमानावर काय होते, हे सांगण्याची ही धडपड प्रामाणिक आहे. पण प्रतिकृती दोन फुटांवर ठेवून पाहणे म्हणजे खरे विमान 144 फुटांवरून पाहणे. तिथून रिव्हेट दिसत नाहीत. पंखाचा उतार, नाकाची लांबी आणि शेपटीचा डौल दिसतो. हे जरा जरी बिघडले, तर पितळी पत्र्याचे शंभर बारीक भाग लावूनही विमान परकेच वाटते.

साध्या, नितळ प्रतिकृतीला ‘आळशी काम’ म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. दोन अर्धुकांमधला सांधा पुटीने भरायचा, वाळला की बारीक पॉलिश कागदाने पाण्यात घासायचा, उजेडात तिरपा धरून पाहायचा आणि दिसला तर पुन्हा भरायचा. यात संध्याकाळमागून संध्याकाळ जाते आणि शेवटी दाखवायला काही उरत नाही. डाळ खरवडणाऱ्या त्या कामगारांच्या हाती तरी दुसरे काय उरले होते?