हिस्लॉप यांची शाळा आणि परधानाचे गाणे

ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की मराठी लेखनात सहसा दोनच सूर ऐकू येतात. एक कृतज्ञतेचा : त्यांनी शाळा काढल्या, छापखाने आणले, कोश रचले. दुसरा रोषाचा : हे सारे त्यांनी धर्मांतरासाठी केले. दोन्ही सुरांना पुराव्याचा आधार आहे आणि म्हणूनच कोणताही एक सूर पुरेसा नाही. मिशनऱ्यांनी काय शिकवले, याची चर्चा भरपूर झाली. त्यांनी इथे काय ऐकले, आणि त्या ऐकण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या निमित्ताने तो विचारावा, असे आम्हांस वाटते.

जैनथसारख्या गावी बसून नागपूरच्या मिशनची कथा सांगण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. जैनथच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेस वर्धेचे खोरे आणि चंद्रपूर. नद्यांनी राज्ये वेगळी केली, पण माणसे आणि भाषा त्यांनी कधी अडवल्या नाहीत. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, ही गोष्ट जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा इथल्या बाजारात एकत्र नांदतात. हिस्लॉप यांनी ज्या लोकांचे गाणे लिहून घेतले ते गोंड नागपूरपासून उटनूर-आसिफाबादपर्यंत पसरलेले आहेत. तेव्हा ही कथा आम्हांस परकी नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहान गावी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. सरकारी छत्र सोडून बाहेर पडलेल्या या मंडळीपाशी पैसा थोडा आणि उत्साह फार होता. मद्रास फौजेतील विल्यम हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने नागपूर-कामठी भागात मिशन सुरू व्हावे म्हणून देणगी देऊ केली होती. तिच्या बळावर हिस्लॉप पत्नीसह निघाले, डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचले.

तेव्हाचे नागपूर हे भोसल्यांचे राज्य होते. गादीवर तिसरे रघूजी होते आणि शेजारी ब्रिटिश रेसिडेंट बसलेला होता. कामठीच्या छावणीत मद्रासी पलटणी होत्या. त्यांत तमिळ व तेलुगू बोलणारे शिपाई. शहरात मराठी, रानात गोंडी. एका माणसाने इतक्या भाषांच्या गावात येऊन शाळा काढायची, उपदेश करायचा, मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि जमाखर्चाचा अहवाल मायदेशी धाडायचा. १८४६ मध्ये नागपुरात शाळा सुरू झाली. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले; १८५५ मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांना परतावे लागले. पुढे हेच हंटर इंग्रजीतील एका विस्तृत कोशाचे संपादक म्हणून प्रसिद्धीस आले.

मिशनरी जीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंगला, नोकरचाकर आणि साहेबी थाट उभा राहतो. लहान मिशनचे वास्तव बरेच निराळे होते. एकदोन माणसांवर सारा भार, सोबती आजारी पडला की त्याचेही काम अंगावर, आणि मृत्यू तर उंबरठ्याशी. हिस्लॉप येण्याआधी काहीच वर्षे गोंडांमध्ये राहून शेती व उपदेश करावा या हेतूने काही जर्मन मिशनरी मंडळी अमरकंटकाच्या पायथ्याशी करंजिया येथे आली होती. त्यांतले चौघे थोडक्या दिवसांत कॉलऱ्याने गेले आणि तो प्रयोग तिथेच संपला. गोंडांपर्यंत पोहोचण्याची ती पहिली वाट अशी थडग्यांपाशी थांबली होती, हे नागपुरास आलेल्या प्रत्येक मिशनऱ्यास ठाऊक होते.

शाळेच्या आत निराळीच ओढाताण चाले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी आणि मुंबईत जॉन विल्सन यांनी घालून दिलेला धडा असा, की उच्चवर्णीयांच्या मुलांना इंग्रजीतून पाश्चात्त्य विद्या व बायबल एकत्र शिकवावे. विद्या रुजली की धर्म आपोआप रुजेल. मुले आली, पण ती इंग्रजीसाठी आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तर कचेरीतल्या नोकरीसाठी इंग्रजीची गरज एकदम वाढली. बायबलचा तास मुलांनी सहन केला, इंग्रजीचा तास आत्मसात केला. क्वचित एखादा विद्यार्थी बाप्तिस्मा घेण्याची इच्छा बोलून दाखवी; मग घरचे लोक धावून येत, शहरात क्षोभ होई, शाळेचे बाक काही काळ रिकामे पडत. काही महिन्यांनी तीच मुले परत येत, कारण इंग्रजी शिकण्याची दुसरी सोय नव्हती. मायदेशी जाणाऱ्या अहवालात धर्मांतरितांची संख्या तोकडी राही. ज्या मापाने हे मिशन स्वतःस मोजत होते त्या मापाने ते अयशस्वीच म्हणावे लागेल.

मग हिस्लॉप यांनी अठरा वर्षे काय केले? शाळा सांभाळली, हे झालेच. पण हिवाळ्यात ते उपदेशासाठी खेडोपाडी फिरत तेव्हा त्यांच्यापाशी पुस्तकांबरोबर हातोडीही असे. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना व हंटर यांना प्राचीन वनस्पती व गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे अवशेष मिळाले. नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील त्या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. वर्धा खोऱ्यातील मांगली येथून एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी हाती आली. तिचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स’ या नावाने केले. आणि आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मालेरी या खेड्याजवळ त्यांना सेराटोडस या फुप्फुसमाशाचे दात सापडले. त्या जातीस १८५९ मध्ये हिस्लॉप यांचेच नाव देण्यात आले. मालेरीचा तांबडा मातीथर आज जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना परिचित आहे. त्याची आरंभीची ओळख एका शाळामास्तराने करून दिली, हे आमच्या भागात किती जणांस माहीत असेल?

दगडांपेक्षा मोलाची गोष्ट मात्र त्यांनी कानांनी गोळा केली. गोंडांमध्ये परधान हे परंपरेचे गायक. किकरी वाजवून ते कुळांची उत्पत्ती, देवांची स्थापना, पूर्वजांचे प्रवास गातात. ग्रंथ, पुराण आणि वंशावळ या तिन्हींचे काम तिथे एक माणूस आणि एक तंतुवाद्य करते. नागपूर भागातील एका परधानाकडून हिस्लॉप यांनी लिंगोची कथा ऐकली आणि मूळ गोंडी शब्द रोमन अक्षरांत उतरवून त्यांचे अर्थ लिहून ठेवले. गोष्टीचा केवळ सारांश न काढता त्यांनी गाणाऱ्याचे शब्दच राखले. पुढच्या अभ्यासकांना त्यामुळे हिस्लॉप यांच्या मतांपलीकडे जाऊन मूळ गाण्यापर्यंत पोहोचता आले.

ती कथा थोडक्यात अशी. महादेव गोंडांवर रुष्ट होऊन त्यांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर मोठी शिळा लावतो. चौघे तेवढे सुटून रानात जातात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटतो. शेत कसे काढावे, अग्नी कसा मिळवावा हे त्यांना शिकवतो. त्याचे उपकार विसरून तेच भाऊ त्याचा घात करतात. देव त्याला पुन्हा जिवंत करतो. जिवंत झालेला लिंगो सूड घेत नाही; कोंडलेल्या गोंडांना सोडवण्यासाठी तो पुन्हा वणवण करतो, त्यांना मुक्त करून कुळांत विभागतो, देवांची पूजा लावून देतो आणि अंतर्धान पावतो. हीच परंपरा आमच्या जिल्ह्यात पहांडी कुपार लिंगल आणि जंगूबाई यांच्या नावांनी गायिली जाते. तपशील निराळे, गाभा एकच.

हिस्लॉप हे निष्ठावान ख्रिस्ती होते. गोंडांचे देव खोटे आहेत, याविषयी त्यांच्या मनात शंका असण्याचे कारण नाही. मारला जाऊन पुन्हा उठणारा आणि घात करणाऱ्यांवरच उपकार करणारा हा लिंगो त्यांना कसा वाटला असेल, याची कल्पना वाचकाने करावी. आम्हांस एवढेच नोंदवायचे आहे, की जे आपण असत्य मानतो ते दुसऱ्याच्या शब्दांत, मोडतोड न करता लिहून घेणे ही शिस्त सोपी नव्हे. अनेक विद्वानांना स्वतःच्या धर्मातील भिन्न मताविषयीदेखील ती साधत नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले असता, हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. तिथल्या शाळेची पाहणी करण्यासाठी ते मागे राहिले आणि अंधार पडल्यावर घोड्यावरून एकटेच बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांची अपुरी टिपणे टेम्पल यांनी जुळवली आणि मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीचे ते पुस्तक १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅप्टन फोरसिथ यांनी १८७१ मध्ये आपल्या मध्य भारतातील रानांवरच्या ग्रंथात हीच कथा इंग्रजी पद्यात, लाँगफेलो यांच्या ‘हायवाथा’च्या वळणाने मांडली. नागपूरच्या रानातले गाणे असे इंग्रजी दिवाणखान्यात पोहोचले.

मिशनच्या शाळेला जोडून महाविद्यालय सुरू झाले ते १८८३ मध्ये, हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. ते आधी कलकत्ता विद्यापीठाशी, मग अलाहाबादशी आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाल्यावर त्याच्याशी जोडले गेले. हिस्लॉप कॉलेज आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये टेम्पल रोडवर उभे आहे. एका मित्राचे नाव कॉलेजला, दुसऱ्याचे रस्त्याला, अशी ही जोडी अजून टिकून आहे. तिसऱ्या माणसाचे नाव मात्र कुठल्याही फलकावर नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप व टेम्पल आहेत. ज्याने गाणे गायिले तो परधान नाही.

या उणिवेची बोच आम्हांस आमच्या जिल्ह्याच्या इतिहासामुळे अधिक जाणवते. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांची दखल घेणे भाग पडले. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ इथे आले, मार्लवाई येथे राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. हिस्लॉप यांच्या शाळेत मुले परक्या भाषेकडे चालत गेली; मार्लवाईत निदान काही काळ शाळा मुलांच्या भाषेकडे चालत आली. दोहोंतला हा फरक फार मोठा आहे.

पुढची गोष्ट तर विद्वानांना नम्र करणारी आहे. गोंडीस लिपी नाही, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. २००६ च्या सुमारास आमच्याच जिल्ह्यातील गुंजाळा या गावातून वेगळ्याच लिपीतील गोंडी हस्तलिखिते पुढे आली. ती अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची असावीत, असा अंदाज आहे. २०१८ मध्ये या लिपीचा युनिकोडमध्ये समावेशही झाला. म्हणजे नागपुरात परधानाचे शब्द रोमन अक्षरांत उतरवले जात होते, त्याच्या कितीतरी आधीपासून गोंडी कदाचित स्वतःच्या अक्षरांत लिहिली जात असावी. ती अक्षरे हिस्लॉप यांच्या वाटेत आली नाहीत, आणि नंतरच्या शंभर वर्षांत आपण मराठी-तेलुगू भाषकांनीही ती शोधली नाहीत. शेजारी राहूनही न ऐकण्याचा हा दोष मिशनऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून हिस्लॉप यांच्या कार्याचा हिशेब मांडताना आम्ही त्यांना संत ठरवत नाही, की साम्राज्याचा हस्तक म्हणून निकालातही काढत नाही. ज्या कामासाठी ते आले ते फारसे साधले नाही. ज्या शाळेसाठी ते झिजले तिने कारकून, वकील व शिक्षक घडवले. जे त्यांनी कोणी न सांगता, कोणत्याही अहवालात जमा न धरता केले, ते सर्वांत टिकले. मात्र टिकलेल्या त्या कागदावर गाणाऱ्याची सही नाही, हे विसरता कामा नये. उटनूरच्या पाड्यांतून किकरीवर गाणारे परधान अजून आहेत. त्यांच्यापाशी बसायला समुद्रापलीकडून कोणी येण्याची आवश्यकता नाही. आमच्या महाविद्यालयांनी एवढे जरी मनावर घेतले आणि या वेळी गाणाऱ्याचे नाव सर्वांत वर लिहिले, तर दीडशे वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले एक काम पुरे होईल.