पीण्याहून मँचेस्टरला, व्हाया मुंबई

बंगळुरूच्या पीण्या इंडस्ट्री मेट्रो स्थानकाचा जिना उतरून तुम्ही बाहेर येता तेव्हा सकाळची पाळी सुरू झालेली असते. तुमकूर रोडवरचे ट्रक मागे पडतात आणि शेडशेडमधून प्रेसचे ठोके ऐकू येऊ लागतात. एका दारातून कटिंग ऑइलचा वास येतो, पुढच्या दारातून पावडर कोटिंगचा. तुमच्या शेडमधली पॉवर प्रेस मिनिटाला साठ फटके मारते. क्लच पकडतो, रॅम खाली येतो, धप्प, आणि पत्र्याचा वॉशर पेटीत पडतो. शेजारची लहान प्रेस बरोबर दुप्पट वेगात. तुम्ही मूळचे इचलकरंजीचे. मागांच्या खडखडाटात बसून दहावीचा अभ्यास केलेला. आवाजाचा त्रास होत नाही, पण एखादा ठोका हुकला की मान आपोआप वळते.

तोच कान घेऊन निघा. मिनिटाला 120 च्या आसपास ठोके ही हाऊस संगीताची चाल आहे, आणि त्याच चालीवर आपल्याला मागे जायचंय.

पहिला मुक्काम मुंबई, 1982. गिरणगावात भोंगे वाजत नाहीत. 18 जानेवारीपासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर आहेत, साचे थंड पडलेत. त्याच वर्षी, त्याच शहरात, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग तीन जपानी यंत्रं एकमेकांना जोडून बसलेत. तिन्ही रोलँड कंपनीची. ज्युपिटर-8 वर राग, टीआर-808 वर ठेका आणि टीबी-303 वर खर्ज. ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग ते डिस्कोच्या ठेक्यावर वाजवतात. तुम्ही ऐकता आणि दचकता, कारण हे ॲसिड हाऊससारखं वाजतंय, आणि शिकागोत फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ निघायला अजून पाच वर्षं आहेत. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी फारशी कुणी विकत घेत नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघेल तेव्हा जग चकित होईल. चरणजितजी 2015 मध्ये गेले. त्याआधी त्यांना युरोपात हे संगीत रंगमंचावर वाजवता आलं, याचं मला फार समाधान आहे.

जाण्याआधी ती 303 नीट पाहून घ्या. चंदेरी प्लास्टिकची पेटी, बॅटरीवर चालणारी, वर सहा बटणांची रांग. साथीला बास गिटारवाला नसला तर गिटारवादकाने हिच्यासोबत सराव करावा, ही मूळ कल्पना. आवाज मात्र बास गिटारचा नव्हताच. सुमारे दहा हजार नग बनवून रोलँडने 1984 मध्ये उत्पादन थांबवलं आणि पेट्या जुन्या मालाच्या दुकानांत कवडीमोल झाल्या. म्हणूनच त्या बेताच्या पैशांतल्या पोरांच्या हाती लागल्या.

दुसरा मुक्काम मँचेस्टर, 1988. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात हे लहानपणापासून ऐकलेलं. आता खऱ्या मँचेस्टरच्या पावसात तुम्ही उभे आहात आणि कापडगिरण्या केव्हाच बंद पडल्यात. व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवरच्या ‘हासिएंदा’ क्लबात शिरा. खांबांवर पिवळे-काळे तिरके पट्टे रंगवलेले. पीण्यात प्रेसच्या धोक्याच्या जागेवर असतात तेच. तुमचा हात नकळत मागे येतो. इथे मात्र त्या खांबांना टेकून माणसं नाचतायत.

त्याच गावात ग्रॅहम मॅसी, मार्टिन प्राइस आणि जेराल्ड सिम्पसन हे तिघं ‘न्यूबिल्ड’ ध्वनिमुद्रित करतात. गटाचं नाव 808 स्टेट, त्याच ठेक्याच्या यंत्रावरून. प्राइसचं रेकॉर्डचं दुकान आहे, लेबलही त्याचंच. ‘फ्लो कोमा’ सुरू होतं. मुंबईत स्वर चालत होते आणि यंत्राचा आवाज बैठक धरून होता. इथे उलट. 303 वर सोळा घरांची एक ओळ बसवलीय, तेच मोजके सूर पुन्हा पुन्हा येतायत, आणि हात फिरतोय तो फिल्टरच्या बटणावर. कट-ऑफ वर नेला की आवाज उघडतो, रेझोनन्स वाढवला की तो कर्कश ओरडू लागतो, खाली आणला की घशात गुरगुरतो. सूर तेच, पोत दर क्षणाला निराळा. नुसत्या पोतावर सात तुकड्यांचा अल्बम उभा करायचा, गाणारा नाही, मुखडा नाही. प्रेसच्या ऑपरेटरला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रेसचा फटका दिवसभर तोच असतो, पण डाय बोथट होऊ लागला की धप्पचा पोत बदलतो आणि मोजपट्टी लावण्याआधी ते कानाला कळतं. ‘न्यूबिल्ड’ त्याच कानासाठी केलेला आहे.

जेराल्ड लवकरच बाहेर पडेल आणि ‘व्हूडू रे’ने स्वतःचं नाव करेल. पुढच्या वर्षी गटाचं ‘पॅसिफिक स्टेट’ ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत पोहोचेल. मऊ, सॅक्सोफोनची धून असलेलं, पहिल्याच ऐकण्यात आवडणारं. ‘न्यूबिल्ड’ला पुन्हा बाजारात यायला 1999 उजाडेल, तेही ॲफेक्स ट्विनच्या रेफ्लेक्स लेबलमुळे. मला दोन्हींत ‘न्यूबिल्ड’ मोठा वाटतो. ‘पॅसिफिक स्टेट’मध्ये यंत्रं एका धुनेची साथ करतात, ‘न्यूबिल्ड’मध्ये ती स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि तिघं जण त्यांना मध्येच न थांबवता ऐकून घेतात.