व्यायामशाळा व घरगुती व्यायाम

शरीराचे बल, लवचिकता व दमश्वास वाढविण्यासाठी हेतुपूर्वक व नियमाने केलेल्या हालचालींना व्यायाम म्हणतात. तो घरी एकट्याने करावा, की त्यासाठी राखून ठेवलेल्या जागी, जाणत्याच्या देखरेखीखाली व इतरांच्या संगतीत करावा, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. महाराष्ट्राच्या शरीरसंवर्धनाच्या इतिहासात मात्र त्याला सामाजिक अर्थ आहे. व्यायाम कोणाला खुला होता, तो कोण शिकवीत असे आणि त्याचे मोल कोणत्या स्वरूपात द्यावे लागे, यांवर घर व व्यायामशाळा यांतील निवड अवलंबून राहिली. तालीम, घर व सशुल्क व्यायामशाळा या तिन्हींनी प्रत्येकी काही लोकांना वाट करून दिली व काहींना बाहेर ठेवले. मुंबईच्या उत्तरेस वाढलेल्या वसई-विरारसारख्या उपनगरी वस्तीत हा प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे.

पूर्वपीठिका : मल्लविद्येचा पद्धतशीर उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात येतो. त्यात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार व सराव यांचे वर्णन असून मल्लस्तंभावरील व्यायामाचाही निर्देश आहे. मराठी मुलखात या विद्येचे केंद्र म्हणजे तालीम. लाल मातीचा हौद, मारुतीची मूर्ती, जोर-बैठकांसाठी मोकळी जागा, जोडी, करेला व मल्लखांब एवढे तिचे साहित्य. हौदाची माती ताक, तेल, हळद इ. घालून मऊ केली जाई. तालमीचा खरा आधार वस्ताद हा होय. तो सहसा ठरीव शुल्क घेत नसे. पण शिस्त, हजेरी व निष्ठा यांची अपेक्षा करी. शिष्याची चूक त्याच क्षणी दाखवून देणारा डोळा आणि बरोबरीच्या गड्याशी करावयाची झटापट, या दोन गोष्टी घरी मिळण्याजोग्या नव्हत्या.

पेशवाईचा उत्तरकाळ : वसईचा किल्ला चिमाजी आप्पा याच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून तैनाती फौज स्वीकारली. लष्करी स्वातंत्र्य गमावणाऱ्या याच पेशव्याच्या आश्रयाने मल्लखांबाचे पुनरुज्जीवन झाले, ही इतिहासातील लक्षणीय विसंगती होय. त्याचे श्रेय बाजीरावाचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारल्यावर बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीच्या सान्निध्यात एकांतात साधना केली व तेथे त्यांना मल्लखांबाची प्रेरणा मिळाली, अशी आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तीत एकांतातील सराव व लोकांपुढील कसोटी या दोहोंची सांगड घातलेली दिसते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि त्याच्या परिवाराबरोबर ही विद्या उत्तरेत पोहोचली.

राजकीय पराभवानंतर व्यायामशाळेला राष्ट्रीय अर्थ येणे ही केवळ महाराष्ट्रातील घटना नाही. नेपोलियनकडून प्रशियाचा पराभव झाल्यानंतर फ्रीड्रिख लूटव्हिख यान (१७७८–१८५२) याने १८११ मध्ये बर्लिनजवळ खुले व्यायामक्षेत्र सुरू केले. तेथील कसरतींमागेही पराभूत राष्ट्राच्या उभारणीची प्रेरणा होती.

एकोणिसावे शतक : इंग्रजी अमलात सैनिकी पेशाच्या वाटा आखडल्या, तरी तालमी टिकल्या. पुण्यात वस्ताद लहुजी साळवे (१७९४–१८८१) यांच्या तालमीत विविध जातींचे तरुण येत. जोतीराव फुले व वासुदेव बळवंत फडके यांनीही त्यांच्याकडे शिक्षण घेतले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मांग समाजातील वस्तादाकडे इतरांनी शिष्यभावाने जावे, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. हौदातील मातीने जातीचे अंतर काही काळ का होईना, कमी केले. सगळ्याच तालमींविषयी असे म्हणता येणार नाही. वस्ती व जात यांनुसार तालमी विभागलेल्या असत. पुण्यातील चापेकर बंधूंच्या मंडळीत व्यायाम व शस्त्रांचा सराव चाले. २२ जून १८९७ रोजी त्यांनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. व्यायामासाठी जमणाऱ्या तरुणांकडे सरकारने संशयाने पाहावे, याला अशा घटना कारण झाल्या.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला उदार राजाश्रय दिला. तेथील पेठांमधून तालमी वाढल्या व १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. पेठेतील तालीम ही उत्सव, तंटे व सार्वजनिक कार्य यांचेही केंद्र बनली. या संस्थेच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. स्त्रियांना तालमीत प्रवेश नव्हता. शिकवणी विनामूल्य असली, तरी दूध, तूप व बदाम यांचा खुराक गरिबास परवडत नसे. शिवाय कचेरीत दिवसभर बसणारा नवा कारकून व शिक्षक वर्ग पहाटेच्या मेहनतीला व मातीतील कुस्तीला सहसा तयार नसे.

घरगुती व्यायामाची चळवळ : याच वर्गासाठी युरोपात घरगुती व्यायामाची पुस्तके व साधने बाजारात आली. युजेन सँडो (१८६७–१९२५) याने १८९७ मध्ये लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली. त्याच वेळी घरी वापरावयाचे डंबेल्स, ताणाची साधने व पुस्तकेही त्याने दूरदेशी विकली. डेन्मार्कच्या जे. पी. म्यूलर याने १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात रोजच्या पंधरा मिनिटांच्या घरगुती व्यायामाचा पुरस्कार केला.

या लाटेचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१, कार. १९०९–४७). तरुणपणी त्यांनी सँडोची साधने व पुस्तके मागवून सु. दहा वर्षे त्या पद्धतीचा नेमाने अवलंब केला. पुढे ती सोडून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे निष्ठावंत प्रचारक बनले. सूर्यनमस्कार परंपरेने ज्ञात होताच. बाळासाहेबांनी त्याला आखीव व्यायामाचे रूप दिले, त्यावर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली आणि संस्थानातील शाळांत तो सुरू केला. त्याला साधन लागत नाही, माणसाच्या उंचीएवढी जागा पुरते, आणि पुरुष, स्त्रिया व मुले यांना तो एकाच घरात करता येतो, ही त्यांच्या प्रतिपादनाची मुख्य सूत्रे होत. राजघराण्यातील स्त्रियांनीही तो नित्य केला. तालमीचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्यापर्यंत व्यायाम पोहोचविण्याचा हा मार्ग होता. तथापि साधनविरहित घरगुती व्यायामाचा प्रसारही राजाज्ञा, शाळा व छापील पुस्तक यांच्या बळावर झाला. घरातील एकट्या माणसाच्या निश्चयावर तो सोपविलेला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

संस्थात्मक कालखंड : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तालीम व आधुनिक शारीरिक शिक्षण यांचा मेळ घालणाऱ्या संस्था निघाल्या. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकराव यांनी देशी व्यायामाला शिस्तबद्ध सांघिक रूप दिले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ व लोणावळ्याचे कैवल्यधाम या संस्था १९२४ मधील, तर दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मधील होय. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांचे शिष्य. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाची दिशा ठरविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रांतिक सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. वस्तादाच्या परंपरागत अधिकाराची जागा प्रमाणपत्रधारक शिक्षक घेऊ लागल्याची ही खूण होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या दहा खंडांनी तालमीतील मौखिक ज्ञान ग्रंथबद्ध केले. त्यामुळे ते घरी बसून वाचणाऱ्यासही उपलब्ध झाले.

सशुल्क व्यायामशाळा : तळवलकर कुटुंबाची मुंबईतील पहिली व्यायामशाळा १९३२ मधील. मासिक शुल्क घेऊन यंत्रसाधने व मार्गदर्शन पुरविणारा हा प्रकार दीर्घकाळ शहरी उच्च मध्यम वर्गापुरता राहिला. १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांत तो वेगाने पसरला आणि ‘जिम’ हा शब्द मराठीत रुळला. जात, पेठ वा वस्तादाची मर्जी यांऐवजी शुल्क हीच प्रवेशाची अट झाल्याने स्त्रियांना व नवागतांना तेथे जाणे सोपे झाले. हा लाभ मोठा आहे. मात्र शिष्य जाऊन ग्राहक आला. तालमीतून गैरहजर राहणाऱ्याची विचारपूस होई. जिममध्ये वर्षाचे शुल्क भरून न येणाऱ्याबाबत तेवढी आस्था राहतेच असे नाही. लवकर देह कमावण्याच्या घाईत कृत्रिम संप्रेरकांचा धोकादायक वापर, हा या कालखंडाचा आणखी एक दोष होय.

वसई-विरारमधील स्थिती : या भागातील जुन्या वस्तीचे शरीर प्रामुख्याने श्रमाने घडले. वसईच्या बागायतीत केळी, पानवेली, फुले व भाजीपाला पिकविणारे शेतकरी आणि अर्नाळा, पाचूबंदर येथील कोळी यांना निराळा व्यायाम करण्याची गरज नव्हती. विरार ते मुंबई ही लोकल १८६७ मध्ये सुरू झाली व १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील घरे न परवडणारी कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि काही गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.

येथील नोकरदाराची अडचण पैशाइतकीच वेळेची व जागेची आहे. विरारहून चर्चगेट सु. ६० किमी. असून जाण्यायेण्यात रोजचे तीन तास सहज जातात. गर्दीतील उभ्याने केलेला प्रवास थकवतो; पण त्याने व्यायाम साधत नाही. व्यायामशाळा गाठण्यास आणखी एक तास काढणे त्याला कठीण, तर एका खोलीच्या घरात मुलांचा अभ्यास, वृद्धांची झोप व स्वयंपाक यांमध्ये हातपाय पसरण्यापुरती जागाही नसते. उड्यांचे व्यायाम केल्यास खालच्या मजल्यावरील कुटुंबाची तक्रार येते. घरातील स्त्रीला तर जागा असूनही अखंड असा अर्धा तास मिळणे दुर्घट असते. त्यामुळे घर व जिम यांखेरीज तिसऱ्या जागेचे महत्त्व येथे विशेष आहे. विरारच्या जीवदानी डोंगराच्या हजारावर पायऱ्या, वसई किल्ल्याचा परिसर, समुद्रकिनारा, सार्वजनिक मैदाने व इमारतींच्या गच्च्या ही या भागातील निःशुल्क व्यायामस्थळे होत.

कोविड-१९ च्या साथीत मार्च २०२० मध्ये राज्यातील व्यायामशाळा बंद झाल्या आणि २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्यापासून, त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. या सात महिन्यांत घरगुती व्यायाम हा पर्याय न राहता अपरिहार्यता बनला. दूरध्वनीच्या पडद्यावरील शिक्षकाबरोबर सूर्यनमस्कार व जोर-बैठका घालण्याची सवय अनेकांना तेव्हा लागली. त्याच वेळी व्यायामशाळांचे चालक व प्रशिक्षक यांची उपजीविका थांबली. ज्यांच्या घरी जागा नव्हती, त्यांच्या दृष्टीने ‘घरीच व्यायाम करा’ हा सल्ला निरर्थक होता.

मूल्यमापन : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. जलद चालणे, सूर्यनमस्कार, जोर व बैठका यांनी ही गरज घरी वा घराजवळ भागू शकते. तेवढ्यासाठी यंत्रे अनिवार्य नाहीत. वजने क्रमाने वाढविणे, दुखापतीनंतरचे पुनर्वसन किंवा स्पर्धेची तयारी यांसाठी मात्र जाणत्याची देखरेख व योग्य साधने हवीत. आरंभी काही काळ शिक्षकाकडे शिकून नंतर घरी सराव ठेवणे, हा बहुतेकांना उपयुक्त असा मध्यम मार्ग आहे.

तथापि दोन शतकांचा इतिहास पाहता व्यायाम टिकण्याचे कारण जागा अथवा साधन यांपेक्षा अधिक प्रमाणात बांधिलकीत आढळते. तालमीत ती वस्ताद व गडी यांच्याशी होती, औंधात कुटुंब व शाळा यांच्याशी. तशी बांधिलकी निर्माण न झाल्यास भरलेले शुल्क आणि घरी आणलेली डंबेल्स, दोन्ही सारखीच वाया जातात. वसई-विरारसारख्या दाट वस्तीत मोकळी मैदाने राखणे आणि तेथे शिकविणारी माणसे असणे, ही म्हणूनच केवळ क्रीडेची बाब नसून सार्वजनिक आरोग्याची गरज आहे. घरात जागा नसलेला व जिमचे शुल्क न परवडणारा माणूस तिच्यावाचून व्यायामास मुकतो.