दंतसिमेंट आणि कोकणची दमट हवा

दातावर चढवायची टोपी, शेजारच्या दातांच्या आधाराने उभा राहणारा पूल, पोकळीच्या मापाने ओतलेली सोन्याची भर, समोरच्या दातांवर चिकटवायचा चिनीमातीचा पातळ पापुद्रा ही कामे तोंडात घडत नाहीत. दात घासून व त्याचा ठसा घेऊन ती प्रयोगशाळेत घडवली जातात आणि मग दातावर बसवली जातात, म्हणून त्यांना अप्रत्यक्ष पुनर्बांधणी म्हणतात. घडवलेली वस्तू आणि दात यांच्यामध्ये उरणारा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षाही पातळ असावा अशी अपेक्षा असते, आणि तरीही वस्तू टिकणार की निघून येणार हे बऱ्याच अंशी त्याच थरावर ठरते. या थरासाठी कोणता पदार्थ निवडावा, या प्रश्नाचा इतिहास प्रामुख्याने पाण्याशी केलेल्या व्यवहाराचा इतिहास आहे. कोकणातल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि उरलेल्या काळातही समुद्रावरून येणारी हवा फारशी कोरडी नसते. त्यामुळे ओलाव्याबद्दल पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली सूचना येथे मुख्य अडचण होऊन बसते.

फ्रेंच रसायनज्ञ स्टानिस्लास सोरेल याने १८५५ मध्ये जस्ताच्या भस्मापासून घट्ट होणारे सिमेंट तयार केले, आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत जस्त-भस्म व फॉस्फोरिक आम्ल यांच्या मिश्रणातून झिंक फॉस्फेट सिमेंट पुढे आले. अमेरिकेतील विल्यम टॅगर्ट याने १९०७ मध्ये मेणाचा नमुना वितळवून त्या जागी सोने ओतण्याची रीत दंतवैद्यांसमोर मांडल्यावर मापाबरहुकूम ओतीव कामांचा प्रसार झाला, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या या सिमेंटचाही. झिंक फॉस्फेट दाताशी रासायनिक नाते जोडत नाही. जांभ्याच्या चिऱ्याच्या छिद्रांत शिरून चुना जसा चिऱ्याला धरतो, तसे ते दाताच्या आणि धातूच्या खडबडीतपणात शिरून अडकते. म्हणूनच दात किती उंच ठेवला आणि त्याच्या बाजू किती समांतर घासल्या, याला त्या काळी सिमेंटच्या निवडीपेक्षाही अधिक महत्त्व होते.

मात्र हे सिमेंट कालवणे ही स्वतंत्र कला होती. भुकटी आणि द्रव एकत्र येताच उष्णता निर्माण होते व तिच्यामुळे मिश्रण वेळेआधीच घट्ट होते, म्हणून भुकटी थोडी थोडी घेऊन काचेच्या जाड, थंड पाटीवर ऐसपैस पसरून घोटावी असा दंडक पडला. पाटी थंड असावी, पण दवबिंदूच्या खाली जाऊ नये, अशी पुस्ती त्याला जोडलेली असे. दवबिंदू म्हणजे हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन थंड पृष्ठभागावर जमू लागते ते तापमान. थंड आणि कोरड्या देशांत ही पुस्ती केवळ नावापुरती होती. जुलैमध्ये रत्नागिरीच्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास असतो, तर पुस्तकांत सांगितलेली पाटी साधारण एकवीस अंशांची. म्हणजे वातानुकूलन नसलेल्या दवाखान्यात पुस्तकाप्रमाणे थंड केलेल्या पाटीवर पाणी जमणार, ते मिश्रणात उतरणार आणि जे टाळण्यासाठी पाटी थंड केली तेच, म्हणजे सिमेंटचे अकाली घट्ट होणे, घडणार. बाटलीचे बूच उघडे राहिले तरी आम्ल हवेतले पाणी ओढून घेते आणि परिणाम तोच होतो. पुस्तके लिहिणाऱ्यांच्या खोलीतली हवा कशी होती, हे पुस्तकात क्वचितच लिहिलेले असते.

ही विद्या कोकणात पोहोचली ती मुंबईमार्गे. भारतातील पहिले दंत महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले आणि पदवी नसलेल्या, परंतु आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांनाही त्यांपैकी एका भागात स्थान दिले. रत्नागिरी १८२२ पासून जिल्ह्याचे ठाणे असले तरी कोकण रेल्वे पूर्ण होण्यास १९९८ साल उजाडले. तोवर मुंबईकडे महामार्गाने आणि कोल्हापूरकडे आंबा घाटाने जाणे हाच खुष्कीचा मार्ग होता. आज जिल्ह्यातच, खेड येथे, योगिता दंत महाविद्यालय आहे. प्रयोगशाळा दूर असली की ठसा जाऊन टोपी येईपर्यंतचे दिवस वाढतात, आणि तोवर घासलेला दात तात्पुरत्या टोपीने झाकावा लागतो. त्यासाठी जस्त-भस्म आणि युजेनॉल यांचे मिश्रण रूढ झाले. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. दुखऱ्या दाढेत लवंग धरणाऱ्या घरांना त्याचा गुण शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होता. पुढे रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, सिमेंटे आली तेव्हा मात्र दातावर उरलेले हेच युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही असे आढळले, आणि युजेनॉलविरहित तात्पुरती सिमेंटे बनवावी लागली.

दाताशी खरे रासायनिक बंध जोडणारे पहिले सिमेंट मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी १९६८ मध्ये मांडले. त्यात फॉस्फोरिक आम्लाऐवजी पॉलिअॅक्रिलिक आम्ल होते, जे दातातील कॅल्शियमला धरते. लंडनच्या शासकीय रसायनज्ञांच्या प्रयोगशाळेतील अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी त्याच जातीच्या आम्लाला विशिष्ट काचेच्या भुकटीची जोड देऊन १९७२ मध्ये ग्लास आयोनोमर जाहीर केले. या सिमेंटचा पाण्याशी संबंध विलक्षण आहे: ते घट्ट होते पाण्याच्याच माध्यमात, आणि घट्ट झाल्यावरही पाणी त्याचा घटक म्हणून राहते; परंतु पहिल्या काही मिनिटांत वरून लाळ लागली तर ते विरघळू लागते आणि फार कोरडे पडले तर त्याला तडे जातात. त्यातून फ्लोराइड झिरपते. दात किंचित ओलसर असला तरी त्याचे काम अडत नाही, आणि दमट किनाऱ्यावरील व्यवहारात हा गुण ताकदीच्या तक्त्यातील आकड्यांपेक्षा मोलाचा मानण्यास हरकत नाही.

दुसरा प्रवाह चिकटवण्याचा. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण आवरणावर, म्हणजे इनॅमलवर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट लावले आणि त्यामुळे पडलेल्या सूक्ष्म खाचांत अॅक्रिलिक रेझिन घट्ट बसते हे दाखवले. १९८२ मध्ये मेरिलँड विद्यापीठात लिव्हॅडिटिस आणि थॉम्प्सन यांनी धातूही असाच कोरून, शेजारचे दात फारसे न घासता पूल चिकटवला. पुढच्याच वर्षी सिमनसन आणि कॅलमिया यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाने चिनीमाती कोरण्याची रीत मांडली आणि पातळ पापुद्र्यांचे युग सुरू झाले. इनॅमल कोरडे करता येते. त्याच्या आतले डेंटिन मात्र पाण्याने भरलेल्या सूक्ष्म नळ्यांचे असते, आणि खरी अडचण तेथेच होती. जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवले की आम्लाने उघडे पडलेले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांत मुरलेले रेझिन मिळून एक संमिश्र थर बनतो. हे तंतू फुंकून सुकवले की एकमेकांवर कोसळतात आणि रेझिनला आत वाव राहत नाही, म्हणून नव्वदच्या दशकात जॉन कांका यांनी डेंटिन मुद्दाम ओलसर ठेवण्याचा आग्रह धरला. ओलसर म्हणजे किती, याचे माप मात्र हाताच्या अंदाजावरच राहिले, आणि उच्छ्वासाच्या बाष्पाने भरलेल्या तोंडात तो अंदाज सहज चुकतो. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी वापरात आणलेले रबरी पटल, जे दाताला तोंडातील ओलाव्यापासून वेगळे करते, ते म्हणूनच अशा कामात आजही सर्वांत भरवशाचे ठरते.

शतक पालटताना झिर्कोनियाच्या टोप्या आल्या. या पदार्थात काच नसल्याने हायड्रोफ्लोरिक आम्लाने तो कोरला जात नाही. पृष्ठभागावर बारीक कणांचा मारा करून एमडीपी हा फॉस्फेटयुक्त रेणू असलेले सिमेंट लावावे लागते. त्यातही टोपी तोंडात बसवून पाहताना लागलेल्या लाळेतील फॉस्फेट झिर्कोनियाला आधीच चिकटते आणि एमडीपीची जागा अडवते, म्हणून नुसते पाण्याने धुणे पुरत नाही, पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ करावा लागतो. दात पुरेसा उंच आणि टोपी भक्कम असेल, तर हा सगळा खटाटोप न करता ग्लास आयोनोमर किंवा त्याचे रेझिनमिश्रित रूप वापरता येते. दात आखूड उरला असेल किंवा काचमिश्रित पातळ पापुद्रा लावायचा असेल, तर रेझिनला पर्याय नाही. हिरडीच्या खाली गेलेल्या कडेवर, जेथे रक्त आणि पाझर थांबत नाही आणि रबरी पटलही बसत नाही, तेथे रेझिनचा हट्ट न धरता ग्लास आयोनोमरकडे वळणे शहाणपणाचे ठरते, मग रेझिनची ताकद कागदावर कितीही अधिक असो.