चहाला जात नसते, मग कप वळचणीला कोणी ठेवला?

जुन्या जालन्यातली आपली पोरं हल्ली रविवारी 'कॅफे टूर' काढतात. दोन-तीन मोटारसायकली, स्टेशन रोडवरून सुरुवात, कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात पहिली कॉफी, मग अंबडच्या नाहीतर भोकरदनच्या रस्त्याला लागायचं. रस्त्यात जिथं पाटी दिसेल तिथं थांबायचं, फोटो काढायचा, चवीला दहापैकी गुण द्यायचे. मोठ्या कंपन्यांच्या दुकानात जायचं नाही, गावातल्या माणसाने स्वतः चालवलेलंच ठिकाण शोधायचं, असा त्यांचा नियम आहे. नियम चांगला आहे. मीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो.

परतताना एक पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात काढता. चहाला कुठं जात असते?"

त्याला रस्त्यावर उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो आहे.

माझा आजा बाजाराच्या दिवशी गावाहून जालन्याला यायचा. वाटेवर एक हॉटेल होतं. त्या हॉटेलच्या पत्र्याच्या वळचणीला दोन-तीन कान तुटलेल्या कपबश्या खोचलेल्या असत. त्यातली एक काढायची, विसळायची आणि बाहेर उभं राहून पुढं करायची. मालक वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की कप पुन्हा धुवायचा आणि जिथून काढला तिथं खोचायचा. पैसे हातात नाही द्यायचे, फळीवर ठेवायचे. आजा हे सांगताना कधी चिडायचा नाही. चहा मात्र त्याने म्हातारपणापर्यंत घरीच प्यायला.

आता चहाच्या जातीकडे येऊ. पोरगा अर्धा बरोबर आहे. चहाला खरोखरच जात नव्हती. कोणत्याही स्मृतीत चहा नाही, कोणत्याही पुराणात कपबशी नाही. मराठवाड्यातल्या सामान्य माणसाच्या आजोबा-पणजोबांनी चहा चाखलेलाही नव्हता. चहाच्या मळेवाल्यांनी १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवून घेतला. त्या पैशातून पुढे बाजारात, जत्रेत, गिरण्यांत, रेल्वे स्थानकांवर चहाचा प्रचार झाला. हे पेय विसाव्या शतकात, आगगाडीबरोबर आपल्या गावांत शिरलं. ज्या वस्तूला शास्त्राचा आधार नाही, रूढीचा आधार नाही, तिच्यासाठीसुद्धा आपल्या समाजाने बघता बघता वेगळा कप काढला. स्थानकांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशी सोय झाली, चहाचीही तशीच वाटणी झाली, आणि या दोन्हींत न बसणारा माणूस फलाटाच्या कडेला राहिला.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या. जात ही जुनी सवय आहे, शिक्षण आलं, आधुनिकता आली की ती आपोआप गळून पडेल, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. कपबशीचा इतिहास याच्या उलट सांगतो. आगगाडी नवी होती, चहा नवा होता, हॉटेल नवं होतं. जातीने तिन्हींत आपली जागा करून घेतली. नवी वस्तू आली म्हणून जात मागे हटत नाही. तिला कोणीतरी मागे रेटावं लागतं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्याचं कागदावर तरी आलं. जालन्याला तेवढा कागदही नव्हता. कागद असून महाडला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९२७ च्या मार्चमध्ये परिषदेला जमलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, कारण गावातलं पाणी त्यांना नव्हतं. २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते यासाठी.

आणि निजामी मराठवाड्यात? १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ होती म्हणून काहींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. पुढे किल्ला पाहताना कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो जमाव मुसलमानांचा होता, हेही त्यांनी लपवलेलं नाही, आपणही लपवू नये. जात धर्माची वेस ओलांडून जाते, हेच त्यांना दाखवायचं होतं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस जालन्यापासून काही तासांच्या अंतरावर पाण्याला परका होता. तिथं माझ्या आज्याची काय कथा!

आता कोल्हापूरला चला, कारण तुमच्या कॅफे टूरचं पहिलं पान तिथं आहे.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या नोकरांनी त्यांना जबर मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर गंगाराम यांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तिथं थांबले नाहीत. नोकरीच्या जोखडातून सोडवून त्यांनी गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम यांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. गिऱ्हाईक नाही. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांची गाडी त्या रस्त्याने निघाली की हॉटेलापुढे थांबू लागली. महाराज स्वतः चहा मागवायचे, प्यायचे आणि गाडीत बसलेल्या सरदार, अधिकाऱ्यांनाही पाजायचे. राजाच घेतोय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांत शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम काढले. पण हुकुमाच्या कागदाला जे जमत नाही ते एका कपाने केलं. महाराज १९२२ मध्ये गेले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळे यांनी.

ही गोष्ट आपण महाराजांच्या मोठेपणासाठी सांगतो. ते मोठेपण आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आजवरची मागणी होती, 'आम्हाला तुमच्या कपात चहा द्या.' गंगाराम यांच्या हॉटेलात प्रश्न उलटा झाला, 'तुम्ही आमच्या कपात चहा प्याल का?' पहिल्या प्रश्नात आपण गिऱ्हाईक आहोत, दुसऱ्यात मालक. पहिल्याला कायदा उत्तर देऊ शकतो. दुसऱ्याला कायद्याकडे उत्तर नाही, कारण कोणत्या दुकानात जायचं नाही हे ठरवायला गिऱ्हाईक मोकळं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनी घटनेत लिहून घेतलं. कलम १५ (२) काढून वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमकं काय, त्यात धोब्याचं, न्हाव्याचं दुकान येतं का, असा प्रश्न निघाला. दुकान हा शब्द मोठ्या अर्थाने घेतला आहे, जिथं सेवा देऊ केली जाते ती प्रत्येक जागा त्यात येते, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम, आजचं १७ वं, त्याच दिवशी मंजूर झालं.

पुढे १ जून १९५५ पासून अस्पृश्यता गुन्हे कायदा लागू झाला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं चौथं कलम हॉटेलातल्या प्रवेशावर थांबत नाही. हॉटेल, धर्मशाळा, सराई इथं सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा आहे, असं ते सांगतं. म्हणजे माझ्या आज्याचा कप भारताच्या कायद्यात आहे! आणि याच कायद्यात 'हॉटेल' शब्दाच्या व्याख्येत कॉफी हाऊस आणि कॅफे हे शब्द लिहिलेले आहेत. पोरांनो, तुमच्या कॅफे टूरची परवानगी तिथून आली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यातही सार्वजनिक भांड्यांचा उल्लेख आला. साठ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा लिहावी लागली, यावरून काय ते समजा.

कायदा आला, कप मात्र वळचणीलाच राहिला. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच काळात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव पाणवठे पाहिले आणि स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तरी पाणी वेगळंच आहे हे दाखवलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. ज्यांना एकाच कपातून चहा चालत नव्हता, त्यांना पदवीच्या कागदावर एकच नाव कसं चालणार होतं? २००१-०२ मध्ये अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी झाली. त्या पाहणीतही चहाच्या दुकानातली वेगळी भांडी आणि वेगळी बसायची जागा नोंदली गेली.

मग आज तो कान तुटलेला कप दिसत का नाही? काही ठिकाणी आपल्या माणसांनी तो फोडला म्हणून. काही ठिकाणी मालकाचं मन बदललं म्हणून. आणि पुष्कळ ठिकाणी कागदी कप आला म्हणून. कागदी कप पिऊन फेकायचा असतो. कोणाचा उष्टा कप कोणी धुवायचा हा प्रश्नच उरला नाही. भेदाचा पुरावा गेला, पण भेद गेला की नाही हे कागदी कपावरून कळत नाही. ते कळतं घरात. मित्राच्या घरी आपल्याला दिलेला स्टीलचा पेला स्वयंपाकघरात परत जातो की मोरीपाशी वेगळा राहतो, ते एकदा बघा. घटनेचं कलम १५ (२) दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत येतं, घराच्या आत जात नाही.

काही मित्र म्हणतील, जुन्या जखमा कशाला उकरता, पोरं मजेत फिरतायत, फिरू द्या. फिरू द्याच! काचेच्या दारातून आत जाऊन मधल्या टेबलावर बसणं, हवी ती कॉफी मागवणं, नावडली तर तोंडावर सांगणं, हे तुमच्या आज्या-पणज्यांना मिळालं नव्हतं. ती मजा कोणाची मेहेरबानी नाही, तो जिंकलेला हक्क आहे. फक्त तो कोणी जिंकला हे माहीत असू द्या. आणि कुठं वेगळा कप दिसलाच, तर फोटो काढून गप्प बसू नका. तक्रार करा. असं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं, असं या कायद्याचं १२ वं कलम सांगतं. उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर आहे.

शेवटी त्या पोराला एकच प्रश्न. तुम्ही इतकी ठिकाणं पाहिलीत, चवीला गुण दिलेत. त्यातल्या किती दुकानांचा मालक आपल्या वस्तीतला होता? गल्ल्यावर बसलेला, पाटीवर आपलं आडनाव न लपवता लिहिलेला? पुढच्या रविवारी मोजा. आकडा शून्य आला, तर टूर तिथंच थांबवू नका. तुमच्यापैकी कोणीतरी जुन्या जालन्यात एक दुकान टाका. स्वच्छ ठेवा, चहा चांगला करा आणि नाव लपवू नका. गंगाराम कांबळे यांना राजाची गाडी थांबायची वाट पाहावी लागली. आपल्याकडे आता राजा नाही, पण गाड्या आपल्याच आहेत. त्या तिथं थांबवा.

जय भीम!