घर वाचवायचं, पण निर्णय कुणाच्या हातात? १९३३ आणि २००९

२००८ ची अमेरिकेतली मंदी म्हटली की आपल्याला लेहमन ब्रदर्स आठवते. ती गोष्ट बऱ्याचदा सांगून झालीय. आज मला त्या मंदीत ज्यांची घरं गेली, त्यांच्याबद्दल बोलायचंय. त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ.

साल १९३३, महामंदीचा काळ. अमेरिकेत दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. तेव्हाचं घरकर्ज बहुतेकदा तीन ते पाच वर्षांचं असायचं. तोवर फक्त व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकदम. एरवी लोक नवं कर्ज काढून जुनं फेडायचे. मंदीत नवं कर्ज द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणजे इमानेइतबारे व्याज भरणाऱ्याचंही घर जात होतं!

जून १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. या महामंडळानं बँकांना रोखे दिले आणि त्यांच्याकडची अडकलेली कर्जं स्वतःकडे घेतली. घरमालकाला नवं कर्ज मिळालं : साधारण १५ वर्षं मुदत, ५ टक्के व्याज आणि दरमहा व्याज-मुद्दल मिळून एकच हप्ता. आपला ईएमआय असतो ना, तसंच. तीन वर्षांत सुमारे १० लाख कर्जं दिली गेली. सगळेच वाचले नाहीत. पाचातलं जवळपास एक घर पुढे महामंडळानंच जप्त केलं. पण बाकीची घरं टिकली.

आता २००८ कडे येऊ. या वेळी हजारो कर्जं एकत्र बांधून, त्यांचे रोखे करून जगभर विकलेले होते. हप्ता गोळा करणारी कंपनी वेगळी, ज्यांचे पैसे अडकलेत ते वेगळे. त्यात घरांच्या किमती कोसळल्या. समजा कर्ज ३ लाख डॉलरचं आहे आणि घराला गिऱ्हाईक मिळतंय २ लाखांचं. बँकेच्या संमतीनं घर तेवढ्यालाच विकलं, तर त्याला म्हणतात शॉर्ट सेल. जप्तीपेक्षा हे बरं, पण घर जातंच. वर माफ झालेलं कर्ज हे तुमचं 'उत्पन्न' धरून त्यावर आयकर! राहत्या घरापुरता हा कर माफ करायला डिसेंबर २००७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी जाहीर केलं, की ३० ते ४० लाख कुटुंबांना हप्ते कमी करून घरं वाचवायची संधी देऊ. पण या योजनेत सरकारनं कर्जं ताब्यात घेतली नाहीत. हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांना बक्षिसी देऊ केली आणि काम त्यांच्यावर सोपवलं. कागद गहाळ व्हायचे, पुन्हा मागवले जायचे. तीन महिने कमी केलेला हप्ता नीट भरूनही अनेकांना शेवटी नकार आला. ठरवलेला आकडा कधीच गाठला गेला नाही.

मला यातला खरा फरक रकमेचा वाटत नाही. १९३३ मध्ये कर्जच सरकारकडे आलं, त्यामुळे थकलेल्या माणसाला अजून किती मुदत द्यायची हे सरकार ठरवू शकत होतं. २००९ मध्ये पैसा सरकारचा होता, पण 'हो' किंवा 'नाही' म्हणणारी होती कंपनी.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही कर्जमदतीची बातमी स्क्रीनवर झळकली, की आकडा नंतर बघा. आधी विचारा : सही कोण करणार? भेटू पुढच्या भागात!